व्यापाऱ्यांच्या ओसाकात चार मित्र

जपानमधील ओसाका शहराचे जुने व्यापारी एकमेकांस भेटले की ‘मोकारिमाक्का?’ असे विचारीत. अर्थ इतकाच की, नफा होतो आहे ना? त्यावर उत्तरही ठरलेले असे, ‘बोचिबोचि देन्ना’, म्हणजे चालले आहे बेताबेताने. जळगावच्या दाणाबाजारात सकाळी दुकानाचे कुलूप काढता काढता शेजाऱ्याला ‘काय शेठ, कसा काय धंदा?’ असे विचारणाऱ्या आणि ‘चाललंय, बरं आहे’ एवढेच ऐकून घेणाऱ्या माणसाला ही दोन वाक्ये परकी वाटत नाहीत. नफा झाला तरी तो मोठ्याने सांगायचा नाही आणि तोटा आला तरी तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, ही शिस्त दोन्हीकडची एकच.

जळगावच्या चार मित्रांनी एप्रिलच्या मध्यास आपापल्या पत्नींसह या शहरात सात रात्री काढल्या. एक सराफ, एक जिनिंगचे मालक, एक डाळमिलवाले आणि चौथे केळीचे व्यापारी. पहिले तिघे जैन. चौथे पाटील, त्यांना आहाराचे कोणतेच बंधन नाही. चौघांची मैत्री शाळेच्या बाकावरची. सहलकंपन्यांच्या जपानच्या कार्यक्रमात बहुधा टोकियो, फुजी पर्वत आणि क्योतो यांना मानाचे स्थान असते व ओसाकाच्या वाट्याला एखादी संध्याकाळ येते. या मंडळींनी उलटे केले. पाच शहरांची छायाचित्रे आणि एकाही शहराची ओळख नाही, असा प्रवास त्यांनी युरोपात एकदा करून पाहिला होता. या वेळी एकच शहर, एकच मुक्काम आणि स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा, असे ठरले. जागा निवडण्याचे काम बायकांकडे होते आणि त्यांनी खिडकीतून काय दिसते यापेक्षा शेगडी किती मोठी आहे, हे आधी पाहिले. पुढे काय झाले ते पाहता ही निवड फार शहाणपणाची ठरली.

ओसाकाचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगायचे तर हे शहर राजाने नव्हे, पेढ्यांनी घडवले. सतराव्या शतकापासून देशाचा कारभार एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून चाले. पण त्या काळी सरदारांचे उत्पन्न तांदळात मोजले जाई आणि तो तांदूळ विकून रोख करण्यासाठी ओसाकाला आणावा लागे. नाकानोशिमा या नदीतल्या बेटावर व आसपास सरदारांची कोठारे होती. देशभरचा माल इथे उतरे, म्हणून ओसाकाला ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हणत. शहरभर कालवे होते आणि कालव्यांवर सुमारे दोनशे पूल. त्यांतले सरकारी पूल अवघे बारा. बाकीचे सारे व्यापाऱ्यांनी व मोहल्ल्यातल्या लोकांनी पदरच्या पैशाने बांधले आणि राखले. एखाद्या पेढीला आपल्या दाराशी गिऱ्हाईक यावे म्हणून पूल हवा असे, हे खरे. पण पूल एकदा उभा राहिला की त्यावरून शत्रूही जातो आणि प्रतिस्पर्धीही जातो. दानाचा हा प्रकार आपल्याकडच्या धर्मशाळा आणि पाणपोयांच्या जवळचा आहे.

‘योदोयाबाशी’ हा आजच्या ओसाकातील गजबजलेला पूल योदोया नावाच्या व्यापारी घराण्याने मूळ बांधला, म्हणून त्याला त्यांचे नाव. याच घराण्याच्या दारात तांदळाचा मोठा बाजार भरत असे. घराणे इतके श्रीमंत झाले की बडे सरदार त्यांचे ऋणको बनले. मग १७०५ साली शासनाने व्यापाऱ्याच्या पायरीला न शोभणारी चैन केल्याचा ठपका ठेवून त्यांची सारी मालमत्ता जप्त केली. सरदारांची कर्जे त्याबरोबर बुडाली, हे वेगळे सांगायला नको. पुलावर उभे राहून ही हकीकत वाचताना डाळमिलवाल्यांनी सराफांकडे पाहिले आणि दोघेही हसले. उधारी कोणाला द्यावी, याविषयी त्यांच्या आजोबांचे मतही फारसे निराळे नव्हते.

पुलापासून चालत थोड्याच अंतरावर दोजिमा लागते. तिथे आज उंच कचेऱ्या आहेत. पाहण्यासारखे म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या आकाराचे मोठे स्मारक, वास्तुकार तादाओ आंदो यांनी रचलेले. पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत. व्यापाऱ्याने मात्र तिथे थांबावे. दोजिमाच्या तांदूळ बाजाराला १७३० साली शासनाने अधिकृत मान्यता दिली आणि जगातला पहिला सुसंघटित वायदेबाजार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. इथे प्रत्यक्ष पोते न हलवता केवळ वहीवरचा तांदूळ विकला व घेतला जाई. भाव निशाणांच्या खुणांनी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर असे दूरच्या गावांना कळवले जात. व्यवहार संपवण्याची रीत तर मौजेची होती. एक वात पेटवून ठेवत. ती विझली की बाजार बंद. तरीही सौदे करणारे हटले नाहीत, तर त्यांच्या अंगावर पाणी फेकायला माणसे नेमलेली असत.

डाळमिलवाले या स्मारकापाशी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले. आपल्याकडे हरभऱ्याचा वायदा २०२१ साली थांबवण्यात आला, तेव्हापासून वायदा म्हणजे सट्टा की जोखमीचा विमा, हा वाद त्यांच्या घरात जेवणाच्या पाटावर चालतो. तीनशे वर्षांपूर्वी ओसाकाच्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता आणि तिथल्या शासनानेही या बाजारावर आधी बंदी घालून मग परवानगी दिली होती, हे कळल्यावर त्यांना समाधान वाटले. उत्तर मिळाल्याचे नव्हे. प्रश्न जुना असल्याचे.

इमाबाशी भागात एका विमा कंपनीच्या इमारतीपाशी ‘काइतोकुदो’ या विद्यालयाची खूण सांगणारा शिलालेख आहे. पाच धनिक व्यापाऱ्यांनी १७२४ साली ते सुरू केले. शिकवायचे काय, तर हिशेब नव्हे. कन्फ्यूशियसचे ग्रंथ, नीती, पुढे खगोल आणि अर्थव्यवहारही. व्यापाऱ्याला नफ्याचा लोभी म्हणून समाजात सर्वांत खालची पायरी देणाऱ्या त्या काळात, नफा हा योग्य मार्गाने मिळवला तर तोही धर्माला धरून असतो, हे इथले पंडित शिकवीत. विद्यालयाच्या नियमांत दोन गोष्टी मोठ्या समजूतदार होत्या. ज्याच्याकडे पुस्तक नाही त्यानेही ऐकायला यावे. आणि ज्याला दुकानाचे निकडीचे काम निघेल त्याने व्याख्यान अर्धवट सोडून खुशाल जावे. प्रवचनाला बसलेल्या आणि खिशातल्या फोनची थरथर जाणवताच अवघडणाऱ्या कित्येक श्रावकांना हा नियम मनापासून आवडेल.

नाकानोशिमा बेटावरची लाल विटांची सार्वजनिक सभागृहाची इमारत मात्र या साऱ्यांवर ताण करते. तिची हकीकत अशी. इवामोतो एइनोसुके हा ओसाकाचा तरुण शेअरदलाल १९०९ साली जपानी उद्योजकांच्या मंडळाबरोबर अमेरिकेला गेला. तिथल्या धनिकांनी लोकांसाठी उभारलेल्या संस्था पाहून तो परतला आणि १९११ साली त्याने शहराला दहा लाख येन दिले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. इमारतीचे काम चालू असताना पहिले महायुद्ध आले, बाजार उसळला आणि इवामोतोचे अंदाज उलटले. तो बुडाला. दिलेल्या रकमेतला काही भाग शहराकडून परत मागून घे, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. एकदा दिलेले परत मागणे ओसाकाच्या व्यापाऱ्याला लाजिरवाणे, असे म्हणून त्याने तो नाकारला. १९१६ साली, चाळिशीही न गाठलेल्या इवामोतोने स्वतःचे आयुष्य संपवले. इमारत १९१८ साली पूर्ण झाली; ती त्याने पाहिली नाही. त्या शेवटाचे समर्थन कोणीही करू नये. तोटा हा माणसाच्या जिवाहून मोठा कधीच नसतो आणि व्यापारी घरांनी ही गोष्ट मुलांना वेळीच सांगितली पाहिजे. परंतु बोललेला आकडा मागे न घेण्याचा त्याचा निश्चय ऐकून मंडळी काही काळ गप्प झाली. बोलीच्या वेळी उत्साहाने मोठा आकडा बोलून पुढे वर्ष-दोन वर्षे ट्रस्टींना फेऱ्या मारायला लावणारे महाभाग प्रत्येक गावात असतात. त्यांना ही इमारत एकदा दाखवून आणावी.

हे सारे पहिल्या दीड दिवसात झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र सहलीला गाठ बसली.

‘कित्सुने उदोन’ हा पदार्थ मूळ ओसाकाचा. गव्हाच्या जाड शेवया, वर गोडसर केलेल्या तळलेल्या टोफूची एक चौकोनी वडी आणि भोवती जवळजवळ पाण्यासारखे स्वच्छ सार. डोळ्यांना त्यात वर्ज्य असे काही दिसत नाही. वर भुरभुरलेली कांद्याची हिरवी पात तेवढी नको म्हटले की झाले. पाय थकलेले होते, वाडगे समोर आले होते. जिनिंगवाले म्हणाले, “दिसत तर काहीच नाही. आता विचारत बसू नका.” डाळमिलवाल्यांनी दोन चमचे घेतलेही. तेवढ्यात पाटलांनी, ज्यांना विचारण्याची काहीच गरज नव्हती, आपल्या फोनवरच्या दुभाष्याच्या मदतीने आचाऱ्याला विचारले, “सार कशाचे?” आचारी कौतुकाने आत गेला आणि सुकवलेल्या माशाच्या किसाचा डबा घेऊन आला.

त्याच्या दृष्टीने हा प्रश्न म्हणजे कौतुकच होते. ‘दाशी’ हे सार जपानी स्वयंपाकाचा पाया आहे. कोम्बु ही समुद्री वनस्पती आणि ‘कात्सुओबुशी’ हा मासा सुकवून केलेला कीस यांचा अर्क त्यात असतो. ओसाकाला तर आपल्या दाशीचा विशेष अभिमान. भाज्यांच्या शिजवणीत, पालेभाजीवर, अंड्याच्या वड्यांत, सोया सॉसच्या चटणीत, सर्वत्र ती असते. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासा हा तिथे मांसात धरला जात नाही आणि माशाचा अर्क तर कोणी खाण्यातच धरत नाही. बौद्ध मंदिरांतले ‘शोजिन’ भोजन मासे, मांस आणि कांदा-लसूण टाळते, म्हणून आपल्याकडे पुष्कळदा त्याची शिफारस होते. पण त्यात मुळा, गाजर, कमळकाकडी, सुरणासारखे कंद आणि अळंबी यथेच्छ असतात. ‘कोन्न्याकू’ नावाची पारदर्शक वडी तर कंदाच्याच पिठाची. शेवाळवर्गातल्या वस्तू वर्ज्य मानणाऱ्या घरांना कोम्बुही चालत नाही. थोडक्यात, जपानी शाकाहार आणि जैन आहार ही दोन निरनिराळी वर्तुळे आहेत. ती एकमेकांना जिथे छेदतात, तो तुकडा लहान आहे.

त्या संध्याकाळी मुक्कामी शब्दाला शब्द वाढला. इतक्या लांब येऊन खोलीत खिचडीच खायची तर आलो कशाला, असे एकाचे म्हणणे. अजाणता घडले त्यात दोष किती, असे दुसऱ्याचे. डाळमिलवाल्यांच्या पत्नींचा चौविहार. त्या काहीच बोलल्या नाहीत आणि ते न बोलणे सर्वांना जड गेले. शेवटी डाळमिलवाले म्हणाले, “दोन चमचे अजाणता गेले, ते माझ्याकडे. उद्याचा माझा उपवास. पण विचारू नका म्हटले, ते अजाणता नव्हते.” त्यांनी हे जिनिंगवाल्यांकडे न बघता म्हटले. पाटील तेवढे मधे पडले. “मालाचे पोते फोडून पाहिल्याशिवाय तुम्ही बोली लावत नाही,” ते म्हणाले, “मग वाडग्याच्या बाबतीतच एवढा विश्वास कसला?”

यातला मुद्दा खराच आहे. परदेशी गेलेल्या कितीतरी आपल्या मंडळींनी न विचारण्याचा हा मार्ग पत्करलेला असतो. नियमात सवलत घ्यायची असेल तर ती उघडपणे घ्यावी, आपापल्या गुरूंना विचारून घ्यावी. पण डोळे मिटून घेतलेली सवलत ही सवलत नसते. शिवाय यजमानावरही तो अन्याय होतो. नीट सांगितले तर जपानी दुकानदार वाकून नमस्कार करतो आणि ‘आम्हाला जमणार नाही’ असे स्पष्ट सांगतो. तो अपमान नव्हे. खोटा माल न देण्याची ती त्याची रीत आहे.

दुसऱ्या सकाळपासून वेळापत्रक बदलले. सकाळचे आणि संध्याकाळचे जेवण मुक्कामी, दुपारचा डबा सोबत. नेलेल्या खाकऱ्या, मेतकूट, मूगडाळ, भाजलेला रवा आणि दशम्या यांच्या जोडीला तिथल्या दुकानात बरेच काही मिळते: पाकिटातला साधा शिजवलेला भात, टोफू, सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, दूध, सफरचंदे, शेंगदाणे. पाकिटावर अंडे, दूध, गहू, कोळंबी, खेकडा अशा ठराविक घटकांची नोंद कायद्याने सक्तीची आहे. मात्र माशाच्या अर्काची तशी स्वतंत्र सक्ती नाही, त्यामुळे तांदळाच्या कुरकुरीत चकत्याही वाचूनच घ्याव्यात. ब्रेडमध्ये प्राण्यांची चरबी आणि दह्यात जिलेटिन असू शकते. ‘निकु’ म्हणजे मांस, ‘साकाना’ म्हणजे मासा, ‘तामागो’ अंडे, ‘तामानेगी’ कांदा, ‘निन्निकु’ लसूण. आणि ‘हाईत्तेइमासु का?’ म्हणजे ‘यात आहे का?’ एवढे शब्द पाठ असले तर निम्मे काम होते. खोलीत पाणी उकळायची किटली बहुतेक ठिकाणी असतेच, त्यामुळे उकळलेले पाणी पिणाऱ्यांची सोय सहज होते. ताजी फळे व भाज्या भारतातून प्रमाणपत्रावाचून नेता येत नाहीत, हे आधी लक्षात ठेवावे. विमानतळावर कढीपत्त्याची जुडी काढून द्यावी लागली तर वाईट वाटते. केळी तर न्यायचीच नाहीत. पाटलांनी तिथल्या दुकानात फिलिपिन्सहून आलेली केळी पाहिली, प्रत्येक फणी पिशवीत बंद, एकाही सालीवर डाग नाही. आणि त्यांनी त्या पिशव्यांची जितकी छायाचित्रे काढली तितकी किल्ल्याचीही काढली नाहीत.

चौविहार करणाऱ्यांनी महिना निवडताना सूर्याकडे पाहावे. जपानची घड्याळे ओसाकाच्या अगदी जवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेली आहेत, आपली घड्याळे मात्र महाराष्ट्राच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर. त्यामुळे आपल्याला सवय असते त्याहून तिथला सूर्यास्त घड्याळात लवकर येतो. एप्रिलच्या मध्यास तो साडेसहाच्या सुमारास होतो, जूनमध्ये सव्वासातला, आणि डिसेंबरात पाच वाजायच्या आतच. हिवाळ्यात गेलेल्या जैन कुटुंबाची दुपार जेवणाच्या धावपळीतच जाते. चातुर्मासात प्रवास न करणाऱ्यांना एप्रिल-मे हेच महिने बरे.

साडेपाचला जेवण आटोपून बाहेर पडायचे, हा क्रम एकदा बसल्यावर त्याचा एक फायदा लक्षात आला. शहर जेव्हा उपाहारगृहांच्या दारात रांगा लावते, तेव्हा नदीकाठ, पूल आणि मनोरे मोकळे मिळतात. उमेदा भागातल्या जोडइमारतीच्या माथ्यावरून दिवे लागताना दिसणारी योदो नदी आठही जणांनी पोटभर पाहिली.

दोतोनबोरी मात्र सर्वांनाच मानवले नाही. १६१५ साली पुरा झालेल्या कालव्याच्या काठची ही पेठ ओसाकाचे नाटकघर होती. आज ती खाण्याची जत्रा आहे. दुकानाच्या दर्शनी भागावर पाय हलवणारा अवाढव्य खेकडा, पाण्याच्या टाक्यांत जिवंत जीव. गोळीबिस्किटांच्या कंपनीचा धावणारा माणूस, जो १९३५ साली तिथे प्रथम दिव्यांत उभा राहिला, तेवढा पाहून तिन्ही बहिणी (प्रवासात त्या एकमेकींना तसेच म्हणू लागल्या होत्या) माघारी वळल्या. पाटील थांबले. त्यांनी हवे ते खाल्ले आणि रात्री येऊन त्याचे वर्णन करायचे टाळले. मैत्री टिकायला एवढेही पुरते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते खिचडीच्या पानावर हजर होते आणि तिसऱ्यांदा तूप मागत होते.

त्याच पेठेजवळ भांड्यांची गल्ली आहे, ‘दोगुयासुजी’. उपाहारगृहांना लागणारी कढई, झारे, वाडगे, पडदे, सारे इथे. प्लॅस्टिकच्या नकली पदार्थांची दुकानेही आहेत. दुकानाच्या काचेत मांडायचे हे नमुने बनवण्याचा व्यवसाय इवासाकी ताकिझो याने १९३२ साली ओसाकातच उभा केला. तिथला सुशीचा तुकडा बिनधास्त घरी नेता येतो. तीन नग जळगावला आले.

राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृहातला बाहुल्यांचा खेळ सर्वांना आवडेलच असे नाही. एक बाहुली तीन माणसे चालवतात आणि कथा संथ सरकते. पण चिकामात्सु मोनझाएमोन याने १७०३ साली लिहिलेल्या ‘सोनेझाकी शिंजू’ची गोष्ट व्यापारी घरातल्या कोणालाही चटकन कळेल. सोया सॉसच्या दुकानातला एक गुमास्ता, अडचणीत असलेल्या मित्राला चार दिवसांसाठी पैसे देतो. मित्र उलटतो. दस्तऐवजावरचा शिक्का माझा नव्हेच, तो तर आधीच हरवला होता आणि यानेच खोटा कागद केला, असे तो भर रस्त्यात सांगतो. गुमास्त्याची पत जाते, आणि पत गेल्यावर त्या शहरात जगायला जागा उरत नाही. गोष्ट प्रेमाची म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे मूळ मात्र मित्रावर टाकलेल्या विश्वासात आणि एका शिक्क्यात आहे.

किल्ल्याबद्दल थोडक्यात: हिदेयोशीने १५८३ साली बांधायला घेतलेल्या किल्ल्याचा आजचा मनोरा १९३१ चा, सिमेंटचा, नागरिकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला. त्याची छायाचित्रे सुंदर येतात. १८७१ साली स्थापन झालेल्या टांकसाळीच्या आवारातली उशिरा फुलणारी चेरीची वाट एप्रिलमध्ये जेमतेम आठवडाभर लोकांना खुली होते. तारखा दर वर्षी बदलतात, त्या पाहूनच तिकीट काढावे.

शितेन्नोजी हे ५९३ साली राजपुत्र शोतोकुने स्थापलेले बौद्ध मंदिर अनेकदा जळाले आणि दर वेळी पुन्हा बांधले गेले. मंदिराइतकीच ते बांधणाऱ्यांची कथा मोठी आहे. कोरियातून बोलावलेल्या सुतारांपैकी एकाने ५७८ साली सुरू केलेली ‘कोंगो गुमी’ ही पेढी जगातली सर्वांत जुनी समजली जाते. चाळीस पिढ्या एका घराण्याने ती चालवली. गादी थोरल्या मुलालाच, असा हट्ट नव्हता. लायक असेल तो, प्रसंगी नाव देऊन घेतलेला जावई. १९३० च्या दशकात आर्थिक संकटात प्रमुखाने जीव दिल्यावर त्याच्या पत्नीने पेढी सावरली. पुढे जमीनजुमल्याच्या तेजीच्या दिवसांत मूळ धंदा सोडून घेतलेले कर्ज अंगाशी आले आणि २००६ साली पेढी दुसऱ्या बांधकाम कंपनीच्या ताब्यात गेली. नाव आणि सुतार राहिले, मालकी गेली. चौदाशे वर्षे देऊळ बांधणाऱ्या घराला प्लॉटच्या भावाने खाली आणावे, यावर सराफांनी काहीही टिप्पणी केली नाही. त्यांच्या स्वतःच्या दोन प्लॉटांची कर्जफेड चालू होती.

सेन्बा ही जुनी घाऊक पेठ. उन्नत महामार्गाच्या पोटात सुमारे एक किलोमीटर लांब पसरलेल्या, १९७० साली बांधलेल्या दहा इमारतींच्या रांगेत आजही कापडाचे ठोक व्यापारी बसतात. जिनिंगवाले तिथे रमले, आणि त्याला जुने कारणही आहे. १८८३ पासून ओसाकात मोठ्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या. त्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. वाहतुकीवर एका ब्रिटिश जहाज कंपनीची पकड होती. ती मोडण्यासाठी जमशेदजी टाटा आणि जपानच्या ‘निप्पोन युसेन’ कंपनीने मिळून १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जहाजे सुरू केली. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीतून याच मार्गाने जपानला जाई. जिनिंगवाल्यांच्या पणजोबांच्या वह्या आता उरलेल्या नाहीत. पण आपल्या गावचे रुईचे गठ्ठे कुठे जात, हे त्यांनी या पेठेत उभे राहून प्रथमच मनाशी जुळवले. त्या दिवशी डबा त्यांनीच उचलला, आणि डाळमिलवाल्यांच्या शेजारी बसून उघडला.

शेवटच्या दिवशी सकाळी सारे कोबेला गेले. ओसाकाहून रेल्वेने अर्धा तास. १८६८ साली परदेशी व्यापाराला खुले झालेले हे बंदर. त्याच्या किटानो टेकडीवर जुन्या परदेशी व्यापाऱ्यांचे बंगले आहेत आणि त्याच वस्तीत १९८५ साली उभे राहिलेले श्री महावीर स्वामींचे शुभ्र संगमरवरी देरासर. अरुंद चढाच्या गल्लीत, जपानी घरांच्या रांगेत शिखर दिसते, तेव्हा परदेशात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. पूजेचे कपडे सोबत नेले होते. पाटील उभयता बाहेर पायरीवर बसणार होते. डाळमिलवाल्यांच्या पत्नींनी त्यांना आत बोलावून घेतले.

हे देरासर उभे राहिले ते मोत्यांच्या व्यापारामुळे. संवर्धित मोती कोबेत निवडले, छिद्रले आणि ओवले जातात, आणि त्या व्यापारात गेली कित्येक दशके गुजराती जैन घरे आहेत. देवदर्शनानंतर सराफ मोत्यांच्या पेठेत गेले. त्यांच्या दुकानात मोती आहेत. वर्षानुवर्षे विकले आहेत. पण शिंपल्यातल्या जीवाच्या अंगात मणी व त्वचेचा तुकडा कसा घालतात, दीड-दोन वर्षे समुद्रात टांगून मग तो कसा उघडतात आणि उघडल्यावर त्या जीवाचे काय होते, हे त्यांनी तिथे प्रथमच नीट विचारले. रेशीम वर्ज्य मानणारी कित्येक घरे मोत्याची कुडी सहज घालतात. हा प्रश्न कोबेच्या व्यापाऱ्यांनाही नवा नाही आणि त्याचे एकच एक उत्तर तिथेही नाही. सराफांनी त्या दिवशी सरी पाहिल्या, भाव विचारले, कार्डे घेतली. खरेदी केली नाही. गाडीत पाटलांनी विचारले, “मग दुकानातल्या जुन्या मालाचे काय?” सराफ म्हणाले, “घरी गेल्यावर बापूजींशी बोलावे लागेल.” आणि त्यांनी घड्याळ पाहिले. पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. डबा फलाटावर उघडावा की मुक्कामी पोचून, एवढेच ठरवायचे होते.